पिवळ्या अंगठ्याला पोचेल अशी वेबसाइट

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना अँड्रॉइड फोन आहे. काच कोपऱ्यात तडकलेली, मागचं झाकण रबरबँडनं धरलेलं, रॅम दोन जीबी. धाकट्या काकूंनी नवा घेतला तेव्हा हा भंगारात चालला होता, मी मागून घेतला. दुकानात येणारी पोरं त्याला हसतात. हसू देत. कुठल्याही दुकानाची साइट मी हातावेगळी करते ती या फोनवर उघडून, एका हातानं वापरून झाल्यावरच.

ही अक्कल मला उशिरा आली. मी मूळची डीटीपीवाली. सांगलीत गणपती पेठेत लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं करायचे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, बघता बघता गिऱ्हाइकांच्या हातात नेट खेळायला लागलं आणि "छापू नका, फोनवर पाठवता येईल असं करा" म्हणणारे वाढले. मग मी वेबसाइटचं शिकून घेतलं. पहिलं मोठं काम मिळालं ते मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं, २०१८ साली. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अडतीचा धंदा जुनाच, पण घरची हळद पावडर पाकिटातून विकायला त्यांनी नुकती सुरुवात केली होती. त्यासाठी साइट हवी होती.

मी बावीस इंची मॉनिटरवर जीव ओतला. वर पाच फोटोंचा सरकता पट्टा, हळद वरून भुरभुरतेय, दुकानाचं नाव एकेक अक्षर उमटतंय. दाखवायला यार्डात गेले तेव्हा सौदा नुकताच आटोपला होता. अण्णांनी हातातलं हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला, तुकडे पोत्यावर टाकले आणि त्याच हातानं खिशातून फोन काढला.

"म्याडम, नुसतं गोल गोल फिरतंय ओ."

पत्र्याच्या शेडखाली रेंजची एक काडी. पान उघडलं एकदाचं, तर अण्णांना फोन नंबर सापडेना. मी म्हटलं, वर डाव्या कोपऱ्यात तीन रेघा आहेत, त्या दाबा, मग 'संपर्क' दाबा. अण्णांचा अंगठा तिथवर जाईना. फोन उजव्या हातात, डाव्या हातात वही. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या स्क्रीनगार्डकडे गेलं. खालच्या अर्ध्या भागात हळदीचे पिवळे ठसे, उजवीकडे दाट, मध्ये विरळ. वरचा डावा कोपरा मात्र दुकानातून आणल्यासारखा लख्ख. तिथे अण्णांचा अंगठा कधी पोचलेलाच नव्हता, आणि मी नेमका तिथेच दुकानाचा दरवाजा ठेवला होता.

घरी येऊन सगळं पुसलं. त्यानंतर ज्या पद्धतीनं करत आले ती खाली सांगते. तुम्ही तयार साचा वापरा नाहीतर स्वतः एचटीएमएल, म्हणजे पानाचा कोड, लिहा, बघायच्या गोष्टी त्याच.

कॉम्प्युटर चालू करण्याआधी दुकानात तासभर बसा आणि येणारे फोन ऐका. अण्णांकडे मी बसले तेव्हा लोक तीनच गोष्टी विचारत होते: पावडर किलोला कशी दिली, घरपोच मिळेल का, आणि दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे. 'आमच्याविषयी' कुणी विचारलं नाही. तेव्हा पान उघडल्या उघडल्या, एकदाही न सरकवता, या तिन्हीची उत्तरं दिसली पाहिजेत. भाव लिहाल तर बाजूला तारीख लिहा. तारीख नसलेल्या भावावर आपल्याकडे कुणी विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे. आजोबांनी दुकान कसं काढलं, सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे सगळं छान आहे. ते खाली टाका. ज्याला वाचायचंय तो जातो खाली.

आता मांडणी. आधी मोठ्या पडद्याची साइट करायची आणि मग ती फोनमध्ये कोंबायची, हा उलटा उद्योग मी वर्षभर केला. त्याऐवजी ३६० पिक्सेल रुंदीचा एकच रकाना धरा, त्यात सगळं बसवा, नंतर मोठ्या पडद्यासाठी पसरा. एकाच पानानं पडद्याप्रमाणे अंग चोरावं किंवा पसरावं, ही कल्पना इथन मार्कॉट यांनी २०१० साली लेख लिहून मांडली; त्याला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात. तिचा पाया म्हणजे पानाच्या कोडच्या डोक्यात लिहायची व्ह्यूपोर्टची एक ओळ: रुंदी फोनच्या रुंदीइतकी, सुरुवातीचा झूम एक. ती ओळ लिहायची राहिली की फोन समजतो हे कॉम्प्युटरचं पान आहे. मग तो साधारण ९८० पिक्सेलचं पान गृहीत धरून सगळं चिमुकलं करून दाखवतो. एखादी साइट मुंगीच्या अक्षरात दिसली तर आधी ही ओळ तपासा. आणि त्याच ओळीत बोटांनी मोठं करायला बंदी घालायची सोय असते, ती कधीही वापरू नका. चष्मा घरी विसरलेल्या माणसाचा तो एकच आधार असतो.

महत्त्वाची बटणं खाली. मी पडद्याच्या तळाला कायम टिकणारी पट्टी ठेवते, तिच्यात दोनच बटणं: 'फोन करा' आणि 'व्हॉट्सॲप करा'. बटणाची उंची ४८ पिक्सेल तरी हवी, गुगलचं मार्गदर्शन तेवढंच सांगतं, ॲपलचं ४४ आहे. दोन बटणांत ८ पिक्सेलची फट. ही पट्टी लावताना एक चूक हमखास होते. पानाच्या अगदी शेवटची ओळ पट्टीखाली दबते आणि वाचताच येत नाही. म्हणून पट्टीच्या उंचीइतकी मोकळी जागा पानाच्या तळाशी सोडायची. तीन रेघांचा मेनू काढून टाका असं मी म्हणत नाही, पण एकाच पानाच्या साइटला मेनू लागतोच कशाला?

नंबरची गंमत सांगते. माझ्या पहिल्या साइटवर नंबर फोटोत होता, छान सोनेरी अक्षरांत. दाबून काही होत नव्हतं. लोक कागदावर उतरवून घेऊन लावत होते. नंबर कायम मजकुरात टाका आणि त्याला फोनची लिंक द्या. दिसायला देवनागरी आकडे ठेवा हवं तर, मलाही तेच आवडतात, पण लिंकच्या आत इंग्रजी आकडेच लागतात. मी दोन्हीकडे देवनागरी टाकले होते आणि दुपारभर बटण का चालत नाही म्हणून डोकं खाजवत बसले होते. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये देशाचा ९१ आणि पुढे दहा आकडे, बास. अधिकचं चिन्ह नाही, सुरुवातीचं शून्य नाही, मध्ये मोकळी जागा नाही. त्याच लिंकमध्ये आधीच लिहिलेला निरोप भरून ठेवता येतो. अण्णांच्या साइटवर मी ठेवलाय: 'हळद पावडर हवी आहे. किती किलो: गाव:'. माणूस फक्त दोन शब्द भरतो. आधी "हाय" एवढाच मेसेज टाकून लोक वाट बघत बसायचे आणि अण्णा पलीकडून "बोला" म्हणून वाट बघत बसायचे.

फोटो हा खरा वजनदार गडी. हल्लीच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो आणि सहज तीन-चार एमबी भरतो. माझ्या सरकत्या पट्ट्यात असे पाच होते, म्हणजे नाव दिसायच्या आधी पंधरा-वीस एमबी उतरवायचे. पत्र्याखाली गोल गोल फिरणार नाही तर काय होणार? फोटोची रुंदी १०८० पिक्सेलवर आणा, वेबपी प्रकारात जतन करा, दर्जा ७०-७५ टक्के ठेवा. गुगलचं स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच हे करतं, आधीचा-नंतरचा फोटो शेजारी शेजारी दाखवतं. शंभर-दीडशे केबीत पोत्यावरचे सुतळीचे टाके मोजता येतील एवढा स्वच्छ फोटो मिळतो. खालचे फोटो माणूस तिथवर पोचल्यावरच उतरतील अशी 'लेझी' सोय लावा, पण सगळ्यात वरच्या फोटोला ती लावू नका. तो उगाच उशिरा येतो. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची लिहून ठेवा. नाहीतर काय होतं, तुम्ही 'फोन करा' दाबायला जाता, तेवढ्यात वरचा फोटो उतरतो, सगळं पान खाली ढकलतो आणि बोट भलतीकडेच पडतं. एसटी सुटताना पायरी हलावी तसं.

मराठी अक्षरांवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण डीटीपीची पंधरा वर्षं तिथंच गेली आणि कारण यात सगळ्यात जास्त निष्काळजीपणा चालतो.

युनिकोड, म्हणजे सगळ्या फोनवर एकच अक्षर दिसावं म्हणून ठरवलेली पद्धत, नसलेल्या जुन्या फॉन्टातला मजकूर तसाच साइटवर डकवू नका. तुमच्या कॉम्प्युटरवर 'हळद' दिसते आणि फोनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर डोळ्यांनी वाचा. रफारात आणि ऱ्य-ऱ्हमध्ये हटकून गडबड होते. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला की डोंगर जाऊन समुद्र येतो. मग पानाच्या कोडमधल्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा लिहा: 'एमआर'. साच्यात बहुतेक वेळा इंग्रजीची 'ईएन' असते, तशीच राहून जाते. फरक काय पडतो? ज्या फॉन्टांत सोय आहे ते ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, आणि पान वाचून दाखवणारं ॲप मराठी आवाज निवडू शकतं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, दिसत नाही, फोनकडून सगळं वाचून घेतात. भाषा चुकलेल्या पानावर त्यांचा फोन असं काही तोंड वाकडं करतो की गुरुजी स्वतःच हसतात.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापानं ठेवू नका. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. दीडपटीत दाटी होते. मी अक्षराच्या १.७ पट ठेवते. बटणाची उंची अक्षरांवर घट्ट बसवली तर 'बोलू'चा उकार कापला जातो, तेवढं बघा. अक्षर १६ पिक्सेलच्या खाली नको, मजकुराला मी १८ घेते. आणि दोन अक्षरांत अंतर वाढवायची जी फॅशन आहे ती देवनागरीला लावलीत तर शिरोरेषा तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. पुण्या-मुंबईच्या मोठमोठ्या साइटवर मी हे पाहिलंय आणि दर वेळी माझा हात आपसूक पेनकडे गेलाय.

फॉन्ट कुठला? मुक्ता चांगला आहे, बलू मथळ्याला गोंडस दिसतो. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल जड असते आणि बऱ्याचदा प्रत्येक जाडीची फाइल वेगळी. दोनच जाड्या घ्या. छोट्या दुकानाला मी आता बाहेरचा फॉन्टच लावत नाही. अँड्रॉइडमध्ये नोटो देवनागरी असतोच, तो वापरला की उतरवायचं काहीच नाही.

फॅशनचा विषय निघालाच. अण्णांचा पुतण्या हिंजवडीला असतो, दिवाळीला आला की माझ्याकडे चक्कर होते. "ताई, आता सगळं काचेसारखं चालतंय." त्याचंही खरं आहे. ॲपलनं २०१३ मध्ये चामड्याच्या शिलाईसारखी चित्रं काढून टाकून सगळं सपाट केलं, पुढच्या वर्षी गुगलनं मटेरियल डिझाइन आणलं, आणि २०२५ मध्ये ॲपलच 'लिक्विड ग्लास' घेऊन आलं. दर काही वर्षांनी वारं फिरतं. मी त्या पोराला घेऊन दुपारी बारा वाजता यार्डाच्या गेटबाहेर उभी राहिले आणि काकूंच्या फोनवर त्याची काचेची पाटी उघडून दिली. धुरकट काचेवर पांढरी बारीक अक्षरं. त्यानं फोन तिरका केला, तळहाताची सावली धरली, मग काही न बोलता परत दिला. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक निदान साडेचारास एक असावा असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. तो मोजणारी फुकट साधनं आहेत. राखाडीवर राखाडी तिथं नापास होतं. पिवळ्यावर पांढरंसुद्धा, आणि हळदीच्या धंद्यात हा मोह प्रत्येकाला होतो. पिवळा रंग कडेला ठेवा, अक्षरं गडद तपकिरी.

बाकीच्या फॅशनींबद्दल थोडक्यात. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ नको. सरकता पट्टा नको, दुसरा फोटो बघायला कुणी थांबत नाही. डार्क मोड द्यायचा तर फोनच्या सेटिंगप्रमाणे आपोआप होऊ द्या, वेगळं बटण कशाला. खणाखणांच्या डब्यासारखी मांडणी हल्ली चालते, ती मला आवडते, कारण फोनवर ते खण आपसूक एकाखाली एक येतात. आणि "आपलं ॲप काढूया" म्हणाले तर चहा पाजून विषय बदला. दोन किलो हळदीसाठी कोण ॲप उतरवतंय?

फॉर्म शक्यतो टाळा. लागलाच तर चार रकाने: नाव, फोन, पत्ता, पिन. फोन आणि पिनच्या रकान्यात आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असं करा. कुणी मराठी कीबोर्डवरून ४१६४१६ टाकलं तर 'चुकीचा पिन' म्हणून अंगावर येऊ नका, मागच्या मागे आकडे बदलून घ्या. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलंत तर आयफोन तिथं बोट लावताच पान उगाच मोठं करतो.

पानाच्या अगदी वर एक ओळ मोकळी ठेवा, जी मालकाला स्वतःच्या फोनवरून बदलता येईल. हे मी २०१९च्या ऑगस्टात शिकले. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. गणपती पेठेतलं माझं दुकान पाण्यात, आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे, लाइट नाही, गाडीच्या चार्जरवर आळीपाळीनं फोन. नेट आलं तर मिनिटभर. अशा वेळी जड पानं उघडतच नव्हती. अण्णांची नवी साइट तोवर झाली होती, सगळी मिळून तीनशे केबीच्या आत, आणि ती उघडत होती. तिच्यावर त्यांनी एवढंच लिहिलं होतं: 'दुकान बंद. आम्ही सुखरूप. पाणी ओसरल्यावर फोन करू.' ते वाचून त्यांना बाहेरगावाहून फोन आले, हळदीसाठी नव्हे, विचारपूस करायला.

तपासणीला या. वायफाय बंद करा. स्वस्तातला फोन, उन्हात, एका हातात. असा फोन नसेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम संथ करता येतं. गुगलचं पेजस्पीड साधन तीन आकडे सांगतं: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, पानाची हलवाहलव ०.१च्या आत. हिरवे आले की बरं वाटतंच, शिवाय शोधात गुगल आता साइटचं मोबाइलवरचं रूपच धरतं.

पण आकड्यांवर थांबू नका. साइट कधी न पाहिलेलं माणूस गाठा, फोन हातात द्या, "दोन किलो हळद मागवून दाखवा" म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड जातं. मी आत्याला बसवलं होतं. तिनं बटणांकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ पाकिटाच्या फोटोवर बोट ठेवलं. काही झालं नाही, म्हणून परत ठेवलं, जरा जोरात. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बंद आहे वाटतं दुकान." त्या रात्री मी फोटोलाही व्हॉट्सॲपची लिंक दिली. आता निम्म्याहून जास्त मागण्या फोटो दाबूनच येतात, असं अण्णांचा दिवाणजी सांगतो.

शेवटचं काम कागदाचं. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्याच फोन नंबरवर घ्या. इथल्याच एका पेढीचं डोमेन करून देणाऱ्यानं स्वतःच्या नावावर ठेवलं, पुढे त्याचा फोन लागेना आणि मुदत संपून नाव गेलं. पाकिटांवर, पिशव्यांवर, टेम्पोवर तेच नाव छापलेलं. अण्णांच्या दुकानात गल्ल्यामागे भिंतीवर कॅलेंडर लटकतं. नवं आणलं की मी जाऊन मुदतीच्या महिनाभर आधीच्या चौकोनात 'डोमेन' लिहून येते. त्याच चौकोनात खाली दिवाणजींच्या हातची गॅस सिलिंडरची नोंद असते, आणि एका कोपऱ्यात हळदीचा एक अंगठा.